गाडी बसली की कळतं

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. पुण्यात खराडीच्या ऑफिसात सकाळचं स्टँडअप चालू होतं. कोण काल काय केलं, आज काय करणार ते सांगत होतं आणि माझा फोन टेबलावर थरथरला. गावाकडून धाकट्या भावाचा मेसेज होता.

"दादा, गाडीला मागं दोन दोन पाटे वाढवायचेत. मिस्त्री म्हणतो अर्ध्या दिवसाचं काम आहे. टाकू का?"

खाली फोटो. आमची नवी फोर बाय फोर पिकअप, मागं सोयाबीनचे कट्टे रचलेले आणि गाडीचं बूड जवळपास चाकाला टेकलेलं.

मी स्वतःला म्यूट केलं, कॅमेरा बंद केला आणि लिहिलं, "टाकू नको. मी शनिवारी येतो."

"पाट्यासाठी पुण्याहून येतो?" त्यानं हसण्याचे तीन इमोजी टाकले. त्याचं बरोबर होतं. पाटे वाढवायला कुणी तीनशे किलोमीटर येत नाही. पण मला पाट्यांबद्दल एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी आठ वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

*

पिकअपच्या खाली वाकून कधी पाहिलं नसेल, तर आधी थोडं तिथलं सांगतो. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, गाडीच्या लांबीत, पोलादी पट्ट्यांचा एकेक गठ्ठा असतो. सगळ्यात लांब पट्टा तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गुंडाळलेली असतात आणि ती चेसिसला जोडलेली असतात. त्याच्याखाली क्रमाक्रमानं आखूड होत जाणारे पाटे. मधोमध सगळ्यांना शिवणारा एक सेंटर बोल्ट आणि गठ्ठा अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. पाटे कमानीसारखे वाकलेले असतात म्हणून आमच्याकडं त्यांना कमानपाटे म्हणतात. वजन आलं की कमान सपाट होते, पाट्याची लांबी वाढते आणि ती वाढलेली लांबी सामावून घ्यायला एका टोकाला शॅकल नावाची झुलती कडी असते. बस, एवढंच. ना पंप, ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर.

वाकण्याचा हिशोबही साधा. रॉबर्ट हूकनं १६७६ साली तो लॅटिन अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ साली उलगडला: स्प्रिंग जितकी ताणावी, तितक्याच प्रमाणात ती उलटा जोर लावते. दुप्पट वजन, दुप्पट वाकणं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे डिग्रीनं. पोटापाण्यासाठी सर्व्हरचं काम बघतो, माझ्या वर्गातले निम्मे असंच काहीतरी करतात. पण तिसऱ्या वर्षाला भंडारींच्या मशीन डिझाइनच्या पुस्तकात पाट्यांचं सूत्र भेटलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. कारण पुस्तकातली ती एकच गोष्ट आमच्या अंगणात उभी होती.

सूत्र सांगतं की पाट्यांची संख्या वाढवली तर ताठपणा सरळ त्याच प्रमाणात वाढतो. सहाचे आठ केले की एकतृतीयांश जास्त. पण जाडी वाढवली तर तो घनाच्या पटीत वाढतो. ८ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी १० मिलिमीटरचा घातला, तर तो एकटाच जवळपास दोघांचं काम करतो. हे मला इतकं भारी वाटलं होतं की मी ते घरी अण्णांना जेवताना समजावून सांगितलं. अण्णांनी भाकरी मोडत विचारलं, "मग आपल्या गाडीला किती टाकावं लागतील?"

*

ते २०१६ साल होतं. आमच्या भागातल्या कुणालाही ते साल वेगळं सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी आदल्या जुलैपासून बंद होतं. लातूरला पाणवठ्यांवर भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. टीव्हीवर ती रेल्वे पाहताना आमच्या घरात कुणी बोललं नाही. अंबाजोगाईपासून लातूर तासा-दीड तासावर आहे, पण आमच्या वस्तीला कुठलीच रेल्वे येणार नव्हती.

अण्णांकडं जुनी सेकंडहँड फोर बाय फोर पिकअप होती. त्यांनी तिच्यावर दोन हजार लिटरची काळी टाकी बांधली आणि तेरा किलोमीटरवरच्या एका बोअरवरून पाणी आणून विकायला सुरुवात केली. दोन हजार लिटर म्हणजे दोन हजार किलो, टाकीचं वजन वेगळं. आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, जे उरतं तेवढाच माल गाडीनं न्यायचा असतो. आमच्या गाडीचं ते सव्वा टनाच्या आसपास येत होतं. हे गणित अण्णांना माहीत होतं. माझी फी कधी भरायची असते हेही माहीत होतं.

त्यांचं मोजमाप बोटांचं होतं. टाकी भरताना ते मागं वाकून चेसिस आणि अॅक्सलच्या मधल्या फटीत बोटं घालून बघायचे. रिकाम्या गाडीपेक्षा भरलेली गाडी चार बोटं खाली यायची. "चारच्या पुढं बसली की रस्त्यात दगा देती," असं ते म्हणायचे. ते मला अडाणी मोजमाप वाटायचं. आज वाटतं की सगळ्या गाडीत तेवढं एकच मोजमाप खरं बोलत होतं.

मार्चमध्ये डाव्या बाजूचा एक पाटा तुटला आणि आम्ही पाटेवाल्या चाचांकडं गेलो.

चाचांचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक भट्टी, एक ऐरण आणि भिंतीला टेकवून ठेवलेले शेकडो जुने पाटे. ते मराठी बोलता बोलता मध्येच दखनीत शिरायचे. जुन्या पाट्यांची गेलेली कमान ते पाटा लाल न करता, थंड्यालाच घणानं ठोकून परत आणायचे. मी विचारलं, तापवून वाकवणं सोपं नाही का? म्हणाले, "लाल केला की त्याचं पाणी गेलं. मग परत पाणी पाजा, तेलात बुडवा, परत भाजा. कोण करतंय नीट? मग पाटा दिसतो पाट्यासारखा, वागतो पत्र्यासारखा."

तुटलेला पाटा माझ्या चुलत्यानं मागून घेतला. आमच्याकडं पाटा भंगारात जात नाही, लोहाराकडं जातो आणि कोयता होऊन बाहेर येतो. वर्षानुवर्षं वाकून-सरळ होऊन न तुटणारं ते पोलाद धारेलाही तितकंच चिवट असतं. दरवर्षी दिवाळीच्या आगंमागं बीड जिल्ह्यातून जी माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. चुलता-चुलती असाच एक कोयता होते.

मी चाचांपुढं वही उघडली. सहाचे आठ पाटे, सगळ्यांना नवी कमान. चाचांनी आकडे पाहिले, माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"लडका हुशार है," ते म्हणाले. "डाल देता हूँ दो। लेकिन वजन मत बढाना।" आणि पैसे घेताना मला एकट्याला म्हणाले, "गाडी उंच झाली बेटा. ब्रेक का भी देख लेना, मागचा दांडा सेट करून घे. ते माझं काम नाही, ब्रेकवाल्याचं आहे."

मी म्हणालो, "बघतो चाचा."

मला कोणता दांडा ते समजलंच नव्हतं. पण चाचांसमोर वही उघडून बसलेल्या मला 'कोणता दांडा?' असं विचारायची लाज वाटली. आठवडाभरानं सबमिशन आलं आणि मी ते विसरून गेलो.

*

पहिले तीन आठवडे मी हवेत होतो. गाडी ताठ उभी राहायची. आधी दोन हजारला चार बोटं बसायची, आता नव्या कमानीमुळं जुन्या उंचीच्याही खाली जेमतेम यायची. अण्णा भेटेल त्याला सांगायचे, पोरानं गणित करून पाटे टाकलेत.

आणि गाडी बसत नाही म्हटल्यावर अण्णा भरत गेले. टाकीच्या मागं मोकळ्या जागेत त्यांनी दोनशे लिटरचे तीन ड्रम ठेवले. म्हणजे सव्वीसशे. ते तीन ड्रम विकायचे नसायचे. एक आमचा, दोन वस्तीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचे. त्यांच्याकडून अण्णा पैसे घेत नसत. सव्वीसशे भरूनही गाडी जुन्या उंचीपेक्षा दोनच बोटं खाली यायची. बोटांचं मोजमाप सांगत होतं की गाडी अर्धीच भरली आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मीही गाडीत होतो. बालाघाटाच्या पठारावरून आमच्या वस्तीकडं उतरणारा रस्ता अडीच किलोमीटर उताराचा आहे, अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा. अण्णा नेहमीसारखे तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होते. दुसऱ्या वळणाला जळक्या रबरासारखा वास आला. तिसऱ्या वळणाला अण्णांनी ब्रेक दाबला आणि पाय खालपर्यंत गेला. मागं टाकीतलं पाणी हिंदकळून गाडीला पुढं ढकलत होतं. अण्णा काही बोलले नाहीत. दुसरा गिअर घालायचा प्रयत्न केला, गिअर पडला नाही. मग त्यांनी रस्ता सोडला आणि गाडी डावीकडच्या नांगरलेल्या काळ्या रानात घातली.

काळ्या मातीनं आम्हाला वाचवलं. ढेकळांत चाकं रुतली, गाडी तिरकी झाली, दोर तुटले आणि टाकी खाली आली. अण्णांचं उजवं मनगट मोडलं. मला कपाळाला चार टाके पडले.

मला टाके आठवत नाहीत. आठवतं ते पाणी. एप्रिलातल्या तडे गेलेल्या रानात सव्वीसशे लिटर पाणी सांडलं, आणि मी दरवाजा ढकलून बाहेर येईपर्यंत त्यातलं बरंचसं भेगांत गेलं होतं. वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन पळत आल्या होत्या. आमच्यासाठी की पाण्यासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. काहीजणी आम्हाला उचलत होत्या, एक म्हातारी आडव्या ड्रममधलं उरलेलं पाणी तांब्यानं काढत होती. तो तिचाच ड्रम होता.

*

गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. अण्णा दवाखान्यात होते म्हणून मी एकटाच गेलो. ब्रेकचं काम करणारा माझ्याच वयाचा फिटर खाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "पाटे वाढवल्यावर ह्या व्हॉल्व्हचा दांडा सेट केलाच नाही का?"

त्यानं दाखवलं. बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसला बसवलेला असतो आणि त्याचा एक बारीक दांडा अॅक्सलला जोडलेला असतो. गाडी मागं बसली की दांडा हलतो, त्यावरून व्हॉल्व्हला कळतं की माल भरलाय आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी ठेवतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. थोडक्यात, अण्णांची चार बोटं जे काम करत होती तेच काम हा दांडा करत होता. तो वजन मोजत नाही, तो बसणं मोजतो.

आम्ही गाडीचं बसणंच बंद केलं होतं. सव्वीसशे किलो घेऊन उतरताना व्हॉल्व्हला वाटत होतं की गाडी अर्धी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्ध्या मनानं लागत होते, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येत होता आणि ते तापून सुटले. पाटे वाढवले म्हणून अॅक्सल, टायर, चेसिस, ब्रेक यांतलं काहीही वाढलं नव्हतं. वाढला होता तो फक्त आमचा भरवसा.

फिटरला मी म्हणालो, "सेट करून टाका." घरी कुणालाही काही सांगितलं नाही.

हे इथंच संपलं असतं तर मी कदाचित ते विसरलोही असतो. पण लोकांना कारण लागतं. वस्तीवर बोललं गेलं की पाटेवाल्यानं घोळ केला. मी गप्प बसलो. अण्णांनी चाचांकडं जाणं सोडलं, आमचं बघून आणखी दोघा-तिघांनी सोडलं. ज्या माणसानं मला दांडा सेट करायला सांगितलं होतं, त्याच्यावर माझ्या विसरण्याचा आळ आला आणि मी तो येऊ दिला. मग मला पुण्यात नोकरी लागली.

गंमत म्हणजे तिथं माझं काम अलर्टचं आहे. सर्व्हरवर ताण ठरावीक आकड्याच्या वर गेला की रात्री फोन वाजतो. फोन सारखा वाजायला लागला की कुणीतरी हमखास सुचवतं, आकडाच वाढवून ठेवू. तसं केलं की सगळं शांत होतं. मी प्रत्येक वेळी विरोध करतो आणि टीममध्ये मला कटकट्या म्हणतात. का करतो, ते कधी सांगितलं नाही.

*

शनिवारी घरी पोचलो. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात अण्णा, भाऊ आणि मी बसलो. भावाला वाटलं मी सूत्र समजावणार. मी दांड्याचं सांगितलं. चाचा काय म्हणाले होते तेही, शब्दाला शब्द.

अण्णा बराच वेळ उजवं मनगट डाव्या हातानं चोळत राहिले. थंडी पडायला लागली की ते दुखतं.

"वजन मी भरलं होतं," ते म्हणाले. "तू नाही. गाडी बसंना म्हणून मी भरत गेलो. त्याचं तू काय मनात धरू नको."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण त्या माणसाला सांगायला पाहिजे होतंस. आठ वर्षं मी त्याच्या दारावरनं मान खाली घालून जातो. तो घालत नाही, मी घालतो."

रविवारी सकाळी आम्ही तिघं नवी गाडी घेऊन चाचांकडं गेलो. आता ऐरणीवर त्यांचा मुलगा असतो. चाचा खुर्चीत बसून कमान नजरेनं तपासतात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं की नाही ते कळलं नाही. फक्त म्हणाले, "बोला था ना मैंने।" आणि मुलाला चहा सांगितला.

चहा झाल्यावर त्यांनी भावाला विचारलं, "कितना भरता?"

"चाळीस कट्टे." पन्नास किलोचा कट्टा, म्हणजे दोन हजार किलो. लातूरच्या मार्केटला एका खेपेत न्यायचे म्हणून.

"कागज पे कितना है?"

"सव्वा टन."

"फिर पच्चीस." चाचांनी विषय संपवला.

भाऊ कुरकुरला. दोन खेपांचं डिझेल कोण देणार? मी त्याला सांगितलं की २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. त्याला ते फारसं लागलं नाही. सगळेच भरतात, तो म्हणाला. मग अण्णांनी काही न बोलता मनगट पुढं केलं. ते सरळ होत नाही, थोडं वाकडंच राहतं. भाऊ गप्प झाला.

तरी गाडीला काहीतरी करणं गरजेचं होतंच. शेतातल्या वाटेवर, पावसानंतरच्या चाकोऱ्यांत, ठरल्याएवढं वजन असलं तरी मागचा अॅक्सल वर येऊन रबरी गुटक्यावर आदळत होता. चाचांनी मुख्य पाट्यांना हात लावू दिला नाही. त्यांनी वर हेल्पर बसवले, म्हणजे जवळपास सपाट असा पाट्यांचा दुसरा छोटा गठ्ठा. तो एरवी मोकळा असतो. त्याची टोकं चेसिसवरच्या ठोकळ्यांपासून थोडी खाली राहतात आणि गाडी ठरावीक बसल्यावरच टेकतात. ती फट किती ठेवायची, हेच सगळं कसब. चाचांनी ती अशी ठेवली की पंचवीस कट्ट्यांपर्यंत गाडी पहिल्यासारखीच बसेल आणि चाकोरीत आदळली तरच हेल्पर टेकतील. उंची बदलली नाही, म्हणून दांड्याचं म्हणणंही बदललं नाही. तरी ह्या वेळी मी ब्रेकवाल्याकडं गेलो आणि विचारलं, "दांडा कोणता, तो दाखवा, आणि बरोबर आहे का बघा." त्यानं दाखवला. मी खाली वाकून बघितला.

सोमवारी मी सुट्टी टाकली. सकाळी पंचवीस कट्टे मोजून भरले आणि गाडी आधी वजनकाट्यावर नेली. पावती भावानं खिशात घातली. लातूरच्या रस्त्याला लागायच्या आधी अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. ते उतरले, मागं जाऊन वाकले आणि फटीत बोटं घातली.

"बसली का?" भावानं आरशातून विचारलं.

"बसली," अण्णा म्हणाले. "चला आता."